मोठ्यानं सांगता न आलेलं

दादा, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. वर्कशॉपपुढच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या होत्या. भंतेजी आले, वंदना झाली, नंदनवन वस्तीतली ओळखीची सगळी घरं आली. जो कोणी बोलायला उभा राहिला त्यानं तू किती कष्टाळू होतास आणि किती कमी बोलायचास हेच सांगितलं. कमी बोलायचास हे ऐकून वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तू कमी बोलणारा कधीच नव्हतास. लोकांशी बोलणं तू का टाळायला लागलास, ते कितीतरी वर्षं आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

तुझ्या कानांविषयी मात्र काल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी शेवटी ते सगळ्यांना माहीत झालं होतं, तरी नाही. मेल्यावर माणसाचं उणं बोलू नये म्हणून असेल. मला ते बरं वाटलं नाही. तुझे कान गेले तेव्हापासूनची वर्षं वगळली तर तुझ्यामाझ्यात उरतं तरी काय?

मला मौद्याहून आणलंस तो दिवस काल सारखा डोळ्यांपुढे येत होता. माझ्या लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणून ठेवली होती. सासू म्हणायची, आता दोघी मिळून राहा. भाजी घेऊन नागपूरला जाणाऱ्या एका बाईजवळ मी निरोप दिला, दादाला म्हणावं, मला घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात उभा होतास, आणि तुझ्यामागे ती पिकअप.

गाडी तेव्हा अर्धवटच होती. लिलावात घेतलेली जुनी पेट्रोलची पिकअप. पेट्रोल महाग झालं तशा लोकांनी असल्या गाड्या परसात उभ्या करून टाकल्या होत्या, आणि तुझ्या डोक्यात तिच्यात डिझेलचं इंजिन बसवायचं वेड शिरलं होतं. गिट्टीच्या खदानीवर काँप्रेसर चालवणारं एक चार सिलिंडरचं इंजिन तू कुठून तरी मिळवलंस. ते जुन्या इंजिनापेक्षा लांब आणि कितीतरी जड. रेडिएटर पुढं सरकवायला तू गाडीचं नाक कापलंस, पुढच्या कमानीत जास्तीचे पाटे घातलेस. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जुळेनात, तेव्हा दोघांच्या मधे बसवायला खराद मशीनवर लोखंडाची जाड प्लेट करून घेतलीस. खदानीवरच्या इंजिनाला एकाच गतीनं धावायची सवय. पायाखालच्या पॅडलचं त्यानं ऐकावं म्हणून डिझेलपंपाच्या स्प्रिंगा बदलून बदलून तू कितीतरी रविवार घालवलेस. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या सकाळी एवढंच दिसलं, की गाडी जागच्या जागी थरथरते आहे आणि सासूच्या ओट्यावरची भांडी वाजताहेत.

नवरा बाहेर आला. इंजिन बंद करा, बसून बोलू, असं त्यानं ओरडून सांगितलं. तू गाडीतून उतरलाही नाहीस.

"बंद केलं तं चालू होईन का नाही, भरोसा नाही," तू म्हणालास. "आन् बोलाचं काही राहिलंबी नाही. शकुन, पेटी घे वं."

गाडीची बॅटरी खरंच कमजोर होती, हेही मला मागाहूनच कळलं.

कन्हानच्या पुलावर आलो आणि इंजिन गचके खाऊन बंद पडलं. थरथरीनं डिझेलच्या नळीचा जोड ढिला होऊन आत हवा शिरली होती. अशी हवा शिरली की ती पुरती बाहेर काढल्याशिवाय डिझेलचं इंजिन चालू होत नाही, हे मी तिथं शिकले, मागं ट्रकवाले हॉर्न वाजवत असताना. तू साबणावर दोरा घासून तो जोडावर घट्ट गुंडाळलास. मग मला खाली उतरवलंस आणि बॉनेटखालच्या एका छोट्या दांडीवर माझा हात ठेवलास. ती खालीवर करत राहायची, म्हणजे टाकीतलं डिझेल पुढं ढकललं जातं. तू फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून वाकून पाहत होतास. आधी नुसताच फेस आला, मग फेसाबरोबर थोडं डिझेल.

तोवर मी रडले नव्हते. सासरचं दार सोडतानाही नाही. दांडी खालीवर करता करता एकाएकी माझा बांध फुटला. पुलावरून जाणारी माणसं थांबून पाहायला लागली. तू मान वर केली नाहीस. फक्त म्हणालास, "रडाचं अशीन तं रड, पण हात थांबवू नको."

मी रडत राहिले आणि पंप मारत राहिले. डिझेल निर्मळ यायला लागलं तसा तू स्क्रू आवळलास, आणि पाहत थांबलेल्या माणसांनीच धक्का मारून गाडी चालू करून दिली. दुसऱ्या कुणी त्या वेळी मला जवळ घेतलं असतं, समजूत घातली असती, तर मी तिथंच बसकण मारली असती. तू माझ्या हाताला काम दिलंस. याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. भावाबहिणीत असलं बोलायची आपल्याकडे रीतही नाही.

वर्कशॉपमध्ये मी यायला लागले ती डबा घेऊन. मग खोललेले पार्ट डिझेलमध्ये धुऊन ओळीनं फडक्यावर मांडायला लागले. मग एक दिवस तू इंजिनाच्या झाकणाखालच्या टॅपेटमधली फट मोजायची पातळ पट्टी माझ्या हातात दिलीस. लोक म्हणाले, बहिणीला मिस्त्री करून राहिला. तू म्हणालास, करून नाही राहिलो, झाली आता. गाडीही तूच शिकवलीस. भंडारा रोडनं मी पिकअप चालवत निघाले की सायकलवाले पार मागं वळून पाहायचे, आणि तू शेजारी बसून इंजिनाकडे कान लावून असायचास, मी रस्त्यावर आहे की रस्त्याखाली याची तुला फिकीर नसायची.

आपला पंपाचा वाद तर मिटलाच नाही. माल भरला की गाडी चढाला मरगळायची. माझं म्हणणं, पंपाचा स्क्रू थोडा मोकळा कर, डिझेल जास्त जाऊ दे. तू हात लावू द्यायचा नाहीस. काळा धूर निघणारी गाडी म्हणजे धाप लागलेला माणूस, असं तू म्हणायचास. मी म्हणायची, हा माणूस आधीच खदानीत राबून आलेला आहे, त्याला थोडं जेवू तर घाल. वहिनी म्हणायची, तुमच्या दोघांच्या घरात माणसांपेक्षा इंजिनाच्याच तब्येतीची चौकशी जास्त. तो स्क्रू आजही तू ठेवलास तिथंच आहे. मला अजूनही वाटतं की तू चुकत होतास.

कानांचं माझ्या लक्षात आलं ते आपल्याच गाडीवर. सकाळी इंजिन चालू केलं तर वरून टिकटिक ऐकू येत होती. टॅपेट ढिले झाले होते, शिकाऊ पोरानंही ओळखावं इतका स्पष्ट आवाज. तू मान डोलावलीस आणि म्हणालास, मस्त चालून राहिली. मला वाटलं गंमत करतोस. मग पाहिलं तर तुझा तळवा इंजिनाच्या झाकणावर पालथा टेकला होता, आणि तू माझ्या तोंडाकडे पाहत होतास.

त्यानंतर एकेक गोष्ट उलगडत गेली. लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तू पूर्वी आतलं सगळं सांगायचास. ते तू केव्हाच सोडून दिलं होतंस. वहिनी हाक मारते आणि तू येत नाहीस म्हणून तुमची भांडणं व्हायची. मी आणि वहिनी तुला डॉक्टरकडे घेऊन गेलो. वर्षानुवर्षं त्या आवाजात राहून नसा गेल्या आहेत, त्यावर इलाज नाही, असं त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं. ते तुला समजावून कसं सांगायचं म्हणून आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलो. तूच म्हणालास, "कळलं मले. कोनाले सांगू नका."

मग आपण आपली रीत बसवली. इंजिन चालू असताना मी तुझ्यासमोर उभी राहायची. तू एकेका सिलिंडरच्या नळीचा नट ढिला करून त्याचं डिझेल तोडायचास आणि मी आवाज बदलला की नाही ते डोळ्यांनी सांगायची. ठोका जड असेल तर मूठ, बारीक असेल तर नख, सिलिंडरचा नंबर बोटांवर. गिऱ्हाइकांना वाटायचं, बहीण नुसती शेजारी उभी असते. तू निदान सांगितलंस की ते मान डोलवायचे. खोटं सांगणार नाही दादा, ती वर्षं मला फार सुखाची वाटायची. तुझं दुःख माझ्यासमोर होतं, ते मला दिसत होतं, आणि तरीही.

मग ते स्थळ आलं. वहिनीच्या भावाच्या ओळखीचे, भंडाऱ्याचे. बस डेपोत स्टोअरकीपर, बायको वारलेली, एक लहान मुलगी. माझी फारकत होऊन बराच काळ लोटला होता. ते घरी येऊन गेले, माझ्याशी नीट बोलले. माणूस खरंच चांगला होता. मी नाही म्हटलं.

तू चिडलास. काहून, काहून, असं विचारत माझ्या मागं मागं फिरलास. मी म्हणाले, "असंच." खुणा करून, ओठ हलवून एवढंच सांगता येत होतं.

"माह्या कानासाठी थांबून राहिली ना तू?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तुझा विश्वास बसला नाही. तुझा आवाज किती चढला आहे हे तुला कळत नव्हतं, सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली.

"मले तुही गरज नाही," तू ओरडलास. "उद्यापासून वर्कशॉपमध्ये पाय ठेवाचा नाही."

मी नाही ठेवला. तू ते मनापासून बोलला नव्हतास हे मला कळत होतं. मला हाकलून लावलं की मी भंडाऱ्याचा रस्ता धरीन, असा तुझा हिशेब होता. पण मलाही राग होता. मी घरी बसले, वहिनीबरोबर पापड लाटले, आणि भंडारा रोडकडून इंजिनाचा आवाज आला की कान टवकारायची.

त्याच दिवसांत पारडीचा वीटभट्टीवाला स्वतःची गाडी घेऊन आला. तिच्यातही तूच डिझेल इंजिन बसवून दिलं होतंस. आतून जड ठोका येतो, जरा पाहा, असं त्यानं सांगितलं. तू झाकणावर हात ठेवलास, टॅपेट बसवून दिलेस आणि गाडी परत पाठवलीस. तो ठोका खालून येत होता, बेरिंग गेल्याचा. लगेच एक-दोन दिवसांत विटा भरून जाताना आतला रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. अख्खं इंजिन गेलं. ड्रायव्हर बचावला तो नशिबानं.

भट्टीवाला वर्कशॉपमध्ये येऊन चार माणसांसमोर जे बोलला ते मी वहिनीकडून ऐकलं. ती तुझा डबा घेऊन गेली होती. तू त्याच्या ओठांकडे पाहत उभा होतास म्हणे, शेवटपर्यंत मान खाली घातली नाहीस. बहिरा मिस्त्री, असं तो म्हणाला. इतकी वर्षं झाकलेलं एका दुपारी उघडं पडलं. त्याची चूक नव्हती. तुझीही होती असं मला म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. तू समोर येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "चाल."

एवढंच. आपण भंगारातून दुसरा ब्लॉक आणला आणि त्याचं इंजिन पहिल्यापासून बांधून दिलं. एकेक बेरिंग तू स्वतः बसवलंस. मी आवळलेला प्रत्येक बोल्ट तू पुन्हा आवळून पाहिलास. या सगळ्या दिवसांत स्थळाचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. भंडाऱ्याच्या त्या गृहस्थांनी पुढं दुसरीकडे लग्न केलं.

गिऱ्हाइकं मात्र परत आली नाहीत. समोरून कुणी काही बोलायचं नाही, फक्त गाड्या पुढच्या गॅरेजात जाऊन उभ्या राहायच्या. तू शटर उघडून, हत्यारं पुसून बसायचास. मी पिकअपवर भाड्याचा माल वाहायला लागले, त्यावर घर चाललं. तुझ्या हाताखाली तेवढं एकच इंजिन उरलं. मी संध्याकाळी परतले की तू बॉनेट उघडायचास आणि तळवा टेकवून डोळे मिटायचास. कधी ऑइल बदल, कधी नोझल साफ कर, काहीच नसलं तर नुसतं पुसत बस. इतक्या निगुतीनं ठेवलेलं इंजिन नागपुरात दुसरं नसेल. ते पाहून मला रडू यायचं आणि मी पाणी प्यायला आत जायची.

या हिवाळ्यात तुझ्या छातीत कफ भरला. तापाला तू जुमानलं नाहीस, शेवटी श्वास पुरेना तेव्हा वहिनीनं आणि मी तुला उचलून पिकअपमध्ये बसवलं. मी चालवत होते. तू मधे, वहिनीच्या खांद्यावर टेकून. सगळा रस्ता तू स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे पाहत होतास. फुटलेली नखं, बोटांच्या चिरांत बसलेलं काळं. एकदा तू मान हलवलीस, नकारार्थी. मला वाटलं, मी गिअर टाकायला उशीर केला म्हणून. मी थोडी चिडलेच मनातून. आताही याला माझ्या गिअरचं पडलंय, असं वाटलं.

वॉर्डात मोठ्यानं बोलू देत नव्हते. तुझी नजर मंदावली होती, ओठ वाचता येत नव्हते. मी तुझा हात धरून बसायची. बोटं दाबून काय काय सांगणार? सिलिंडरचा नंबर सांगता येतो, ठोका जड की बारीक ते सांगता येतं. त्यापलीकडे आपण काही ठरवलंच नव्हतं. एका पहाटे तुझा श्वास थांबला.

काल सगळे गेल्यावर मी आणि वहिनी सतरंज्या झटकत होतो. तेव्हा ती बोलली. भट्टीवाल्याच्या प्रसंगानंतर तू तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचास, की शकुनची जिंदगी माझ्या कानांनी खाल्ली. तिचं घर झालं असतं, माझ्यापायी ती बॉनेटखाली म्हातारी होऊन राहिली. आजारात, भ्रमातसुद्धा तू तेच बोलत होतास म्हणे. गाडीतलं तुझं ते मान हलवणं मला तेव्हा कळलं. मी सतरंजी तशीच धरून उभी राहिले. मग वहिनीला खरं काय ते सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग त्याईले काहून नाही सांगितलं वं?"

तुझ्याशी जे बोलायचं ते पुढं पुढं ओरडून बोलावं लागायचं, दादा. चहा झाला, ऑइल संपलं, दुसऱ्या सिलिंडरात ठोका आहे, हे ओरडता येतं. काही गोष्टी अशा असतात की त्या हळू आवाजातच निघतात. गल्ली ऐकते आहे, वहिनी ऐकते आहे, आणि मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन ते ओरडते आहे, हे मला जमलं नाही. आणि आधी, तुला ऐकू येत होतं तेव्हा, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

आज सकाळी वर्कशॉप उघडून बसले आहे. एक ट्रॅक्टरवाला विचारून गेला, उद्या येतो म्हणाला. येईल किंवा येणारही नाही. वहिनीनं तुझा डबा धुऊन पालथा घातलाय, तो कोणी उचलत नाही.

दादा, भंडाऱ्याचे ते गृहस्थ त्या दिवशी जाता जाता मला मायेनं म्हणाले होते, आमच्याकडे आल्यावर तुम्हाला या ग्रीसमध्ये हात घालावे लागणार नाहीत. चांगल्याच मनानं म्हणाले होते. ते ऐकलं आणि माझा नकार ठरला. तुझे कान त्यात नव्हते. ते धडधाकट असते तरी मी नाहीच म्हटलं असतं. मला तो वास आवडतो, मेलेलं इंजिन पहिल्यांदा धूर टाकतं तेव्हाची थरथर आवडते, चार सिलिंडरांतलं दुखणारं एक नेमकं ओळखणं आवडतं. चांगल्या घरातल्या बाईनं हे आवडतं म्हणायचं असतं की नाही, मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी नुसतं "असंच" म्हणाले. आणि तू ते ओझं आपल्या अंगावर घेऊन गेलास. ते ओझं नव्हतंच रे.

माझी जिंदगी कुणी खाल्ली नाही. ती मी जगले, तुझ्यासमोर उभी राहून, आणि मला ती आवडली.